वर्षात ३४२ कार्यक्रम: ब्लूजचे कलाकार म्हातारपणापर्यंत रस्त्यावरच का राहिले?

लाल_माती

सध्या ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गिटारीवरचं गाणं, ऐकण्याचं वेड लागलंय. ऐकता ऐकता वाजवणाऱ्यांच्या चरित्रांत शिरलो आणि एका आकड्यापाशी अडलो. १९५६ साली बी. बी. किंग या गायक-गिटारवादकाने ३४२ कार्यक्रम केले. वर्षाचे दिवस ३६५, त्यातून उरलेल्या दिवसांत रेकॉर्डिंगही उरकलं. बहुतेक सगळे एकेका रात्रीचे. आज या गावात वाजवायचं, मध्यरात्री ड्रम, अँप्लिफायर बसमध्ये टाकायचे, झोप बसमध्येच, उद्या दोन-तीनशे मैलांवरचं गाव.

तो तेव्हा काही धडपडणारा नवखा नव्हता. त्याचं 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' १९५२ च्या सुरुवातीला काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. गाणी रेडिओवर वाजत होती, तबकड्या खपत होत्या. मग इतकी वणवण कशासाठी? आणि हे तरुणपणीच संपलं असंही नाही. २००६ मध्ये निरोपाचा जागतिक दौरा केला, त्यानंतरही थांबला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिकागोला कार्यक्रमात तब्येत बिघडली तेव्हा वय ८९ होतं. पुढचे आठ कार्यक्रम रद्द करावे लागले, तेव्हा कुठे दौरे थांबले.

माझं मत असं की रस्ता हाच या लोकांचा पगार होता. तबकडी ही जाहिरात, पोट तिकिटांवर. ‘कलेचं वेड’ वगैरे आपण ऐकणारे मागाहून चिकटवतो. तुम्हाला काय वाटतं? प्रत्यक्ष ऐकलेल्यांनी जरूर लिहा.

बोरीबंदर

विषय छान काढलात, पण शेवटचा परिच्छेद पटला नाही. २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव पहिल्यांदा झाला, वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत. ब्लूजचा गिटारवादक बडी गाय आला होता, वय ७४. ठिपक्यांची गिटार. तो आवाज इतका खाली आणायचा की मागे कुणी खोकलं तरी ऐकू यावं, आणि लोक पुढे झुकले की एकदम अंगावर यायचा. वाजवत वाजवत प्रेक्षकांत उतरायचं हे तर त्याचं ठरलेलंच. ही रीत त्याने तरुणपणी लुइझियानात गिटार स्लिम नावाच्या वादकाकडून उचलली. स्लिम शेकडो फुटांची वायर लावून रस्त्यापर्यंत वाजवत जायचा. स्लिम ३२ व्या वर्षी गेला, १९५९ मध्ये. त्याची ती चाल २०११ मध्ये वांद्र्यापर्यंत पोचली ती केवळ पगारासाठी, असं मला कुणी सांगू नये. पैशासाठी माणूस वेळेवर येतो. असं वाजवत नाही.

कडेकपारी

बोरीबंदर +१. शिलाँगचा सोलमेट हा ब्लूज बँडही त्या वर्षी होता. रूडी आणि टिप्रिती. २००७ ला मेंफिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत भारतातून तेच गेले होते. जबरदस्त आवाज आहे टिप्रितीचा.

हिशेबनीस

वाद आवड की पैसा असा नाहीच. पैसा कुठून येत होता ते आधी बघू.

बी. बी. किंगच्या सुरुवातीच्या तबकड्या काढल्या त्या लॉस एंजेलिसच्या बिहारी बंधूंनी (मूळचे हंगेरियन, पाटण्याशी काही संबंध नाही). त्या तबकड्यांवर गीतकार-संगीतकार म्हणून किंगच्या जोडीला टॉब, जोसिया, लिंग अशी नावं दिसतात. अशी माणसं अस्तित्वातच नव्हती. बिहारींनी स्वतःसाठी घेतलेली ती टोपणनावं. म्हणजे गाणं एकाने लिहायचं आणि लेखकाच्या मानधनातला वाटा मालकाने दुसऱ्या नावाने घरी न्यायचा. हे त्या धंद्यात सर्रास चालायचं. बिग मामा थॉर्नटनने १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' गायलं, ते तुफान चाललं. त्याबद्दल आपल्याला एकच चेक मिळाला, ५०० डॉलरचा, असं ती सांगायची. पुढे तेच गाणं एल्विसने गायलं.

शिकागोची तबकड्या काढणारी चेस कंपनी घ्या. तिथे गाणाऱ्या मडी वॉटर्सला कॅडिलॅक मिळाली याचं कौतुक सगळे सांगतात. पण गाडी भेट म्हणून दिली की रॉयल्टीतून वळती केली, हे वाजवणाऱ्याला कळायची सोय नव्हती, कारण वही मालकाकडे. हा मडी मिसिसिपीत स्टोव्हलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. तासाला २२.५ सेंट मिळत, त्याने २५ मागितले, मुकादमाने नाही म्हटलं, आणि १९४३ मध्ये तो शिकागोची गाडी धरून निघाला. त्या मळ्यांवर अर्धेलीने शेती करणाऱ्यांचा हिशेबही मालकच मांडायचा. वर्षभर दुकानातून उधार, डिसेंबरात हिशेब, आणि बहुतेकांच्या नावे उलट बाकीच निघे. अशा घरांतून आलेल्या माणसाला तबकडीवाल्याची वही बघून नवल वाटलं नसणार. पुढे १९७६ मध्ये मडीने आपल्या गाण्यांच्या प्रकाशक कंपनीवर दावा लावला, पण तोवर आयुष्य सरत आलं होतं.

कार्यक्रमाचे पैसे मात्र त्याच रात्री हातात. म्हणून लाल_माती यांचं ‘तबकडी ही जाहिरात’ बरोबर आहे. आवडीने वाजवत असतील, नव्हे होतेच. पण आवड एका गावात राहूनही भागते. ३४२ गावं पोटासाठीच.

ढोलकीवाला_जुन्नर

हिशेबनीसराव, वाचताना आमच्याकडची ‘उचल’ आठवली. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. कलावंत फडमालकाकडून हंगामाआधी उचल घेतो आणि फेडायला हंगामभर ट्रकमधून फिरतो. फिटली नाही तर पुढच्या साली त्याच फडात. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं, तरी शेवटचे दिवस हलाखीतच गेले. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव देतं.

खर्जातला_सा

ढोलकीवाले, भावना पोचली. पण एक मोठा फरक राहतो. तमाशाला गाव बोलावतं, मुक्कामाला जागा देतं. हे लोक ज्या प्रदेशातून जायचे तिथे हॉटेलात खोली नाही, खानावळीत पुढच्या दाराने प्रवेश नाही, पेट्रोल भरलं तरी पंपावरचा संडास वापरायचा नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत हे उघड चालू होतं.

म्हणून तर ‘चिटलिन सर्किट’ तयार झालं. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी, गरीब काळ्या घरांतलं खाणं. काळ्या प्रेक्षकांची थिएटरं, क्लब, गावाबाहेरच्या शेडा यांची ती साखळी. वरच्या टोकाला न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतलं, हार्लेमचं अपोलो, शिकागोचं रीगल, वॉशिंग्टनचं हॉवर्ड. खालच्या टोकाला ट्विस्ट, आर्कान्साससारखी गावं. तिथे १९४९ च्या थंडीत बी. बी. किंग वाजवत असताना उबेसाठी पेटवलेलं रॉकेलचं पिंप दोन माणसांच्या मारामारीत उलटलं आणि लाकडी हॉल पेटला. किंग बाहेर पळाला आणि गिटार राहिली म्हणून परत आत शिरला. भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं असं दुसऱ्या दिवशी कळलं. पुढच्या प्रत्येक गिटारीचं नाव त्याने ल्यूसिल ठेवलं, पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून.

राहायचं कुठे, हा प्रश्न असायचाच. हार्लेमचा एक पोस्टमन, व्हिक्टर ह्युगो ग्रीन, १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढायचा: कुठल्या गावात काळ्या प्रवाशाला खोली, जेवण, पेट्रोल मिळेल. गाडीत ती असली तर रात्र छपराखाली जायची.

तिसरी_घंटा

बेसी स्मिथचं उदाहरण द्यायलाच हवं. ब्लूजची सम्राज्ञी. १९३७ मध्ये दौऱ्यावर अपघात झाला, गोऱ्यांच्या हॉस्पिटलने दाखल करून घेतलं नाही म्हणून रक्तस्रावाने गेली. रस्त्यानेच घेतला तिचा बळी. वाचून काटा येतो.

खर्जातला_सा

तिसरी_घंटाताई, ही हकिगत सगळीकडे अशीच सांगितली जाते, पण तसं घडलं नव्हतं. २६ सप्टेंबर १९३७, पहाट व्हायची होती, मेंफिसहून दक्षिणेला हायवे ६१ वर तिची गाडी एका ट्रकला धडकली. उजवा हात जवळजवळ तुटला. मासेमारीला निघालेला एक गोरा डॉक्टर वाटेत थांबला, रस्त्यावरच त्याने उपचार सुरू केले. तिला क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे ती गेली. ‘नाकारल्या’ची बातमी त्याच वर्षी एका संगीत मासिकात ऐकीव माहितीवर छापून आली आणि पसरली. तो डॉक्टर पुढे सांगायचा की त्या काळात तिथला कुठलाही रुग्णवाहिकावाला काळ्या माणसाला गोऱ्यांच्या दारात नेण्याचा विचारच करणार नाही. नाकारायची वेळच यायची नाही, इतकी ती भिंत पक्की होती. मला तर हे जास्त भयंकर वाटतं.

ज्या इमारतीत ती गेली, तिचं पुढे रिव्हरसाइड हॉटेल झालं आणि तिथे फिरतीवरचे वादक उतरायचे.

तिसरी_घंटा

हे खरंच ठाऊक नव्हतं, धन्यवाद. मग तिने स्वतःचा रेल्वेचा डबा घेतला होता तेही दंतकथाच का?

खर्जातला_सा

नाही, ते खरं आहे. १९२५ मध्ये घेतला, पिवळ्या रंगाचा. सगळा चमू, तंबू, सामान त्यातच. गावात खोली मागायला जायचंच नाही, डबा बाजूच्या रुळावर लावायचा. त्या काळी काळ्या कलाकारांत सर्वाधिक कमावणाऱ्यांत ती होती, म्हणून परवडलं. तरी तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत दगड नव्हता. तो रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि बेसीकडे लहानपणी काम केलेल्या एका बाईने मिळून बसवला.

शिकागोची_सून

इकडे राहते, नवऱ्याच्या नादाने ब्लूज लागलं, म्हणून थोडं आजचं लिहिते.

इथल्या क्लबात मध्यांतरात वादकांपैकीच कुणीतरी प्लास्टिकची बादली घेऊन टेबलाटेबलापाशी फिरतं. त्यात लोक नोटा टाकतात. मग तोच माणूस कोपऱ्यात स्वतःच्या सीड्या विकायला उभा राहतो, सही करतो, फोटो काढू देतो, आणि पंधरा मिनिटांनी परत स्टेजवर बास गिटारीला. क्लबकडून मिळणारे पैसे चौघापाचांत वाटले की बादलीशिवाय भागत नाही. एकदा अशाच एका ड्रमरशी गप्पा झाल्या. दिवसा शाळेची बस चालवतो म्हणाला. नोकरी सोडत का नाही विचारलं, तर उत्तर एका शब्दात: ‘इन्शुरन्स’.

हा मुद्दा भारतातून बघताना सुटतो. इथे आरोग्य विमा बहुधा नोकरीतून मिळतो. बँडवाल्याला मालक नाही, म्हणून विमाही नाही, किंवा स्वतः भरायचा तर महाग. वादक आजारी पडला की मित्र मदतीचा कार्यक्रम लावतात. मेंफिसच्या ब्लूज फाउंडेशनचा खास निधी आहे अशा उपचारांसाठी. लाल_माती, म्हातारपणीही का वाजवायचे याचं अर्धं उत्तर इथे आहे: पेन्शन कोण देणार?

म्हणूनच मला गायक हाउलिन वुल्फबद्दल फार आदर वाटतो. सहा फुटांच्या वर उंची, गुरगुरणारा आवाज, स्टेजवर चौपायी रांगणारा माणूस. पण शिकागोला आला तो स्वतःच्या गाडीतून आणि खिशात ४००० डॉलर घेऊन. मोठा झाल्यावर प्रौढांच्या शाळेत जाऊन लिहा-वाचायला आणि हिशेब शिकला. बँडच्या पोरांना पगार वेळेवर द्यायचा आणि त्यातून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनची वर्गणी), बेकारीचा विमा रीतसर कापून भरायचा. अशा बँडमालकाकडे काम मिळावं म्हणून लोक टपलेले असत. १९७० मध्ये मोटार अपघातात त्याची मूत्रपिंडं गेली. बायको लिलीने डायलिसिस सांभाळलं आणि तो गात राहिला. शेवटचा कार्यक्रम नोव्हेंबर १९७५, शिकागोतच, बी. बी. किंगही होता. जानेवारी १९७६ मध्ये गेला.

कडेकपारी

काय सुंदर प्रतिसाद! वुल्फने वह्या स्वतः ठेवल्या हे वाचून हिशेबनीस खूश झाले असणार. :)

हिशेबनीस

झालोच! असा एक जरी बँडमालक असता प्रत्येक गावात...

आडवाट

फिरतीने सगळ्यांना दमवलं असं नाही, काहींना नवं आयुष्यही दिलं. १९६२ मध्ये होर्स्ट लिपमन आणि फ्रिट्झ राऊ या दोन जर्मनांनी अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल नावाने युरोपचा दौरा काढला. जॉन ली हूकर, टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम, सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी, विली डिक्सन, सगळे एकत्र. मिसिसिपीत मागच्या दाराने आत येणारी ही माणसं युरोपातल्या भरल्या सभागृहांत वाजवत होती आणि श्रोते चिडीचूप बसून ऐकत होते. मेम्फिस स्लिम त्याच वर्षी पॅरिसला राहायला गेला तो कायमचा.

१९६४ मध्ये तर मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी कार्यक्रम झाला. एका फलाटावर कलाकार, समोरच्या फलाटावर श्रोते, मध्ये रूळ. पाऊस सुरू झाला आणि सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरून, कोट घालून, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून पावसावरचंच भजन गायल्या. चित्रीकरण उपलब्ध आहे, बघाच.

माउथऑर्गन वाजवणाऱ्या सनी बॉय विल्यमसनला इंग्लंड इतकं मानवलं की त्याने दोन रंगांचा सूट शिवून घेतला, बोलर टोपी आणि छत्री घेतली. तशाच थाटात तो आर्कान्सासच्या हेलेनाला परतला आणि पिठाच्या जाहिरातीवर चालणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात पुन्हा वाजवू लागला. गावातल्यांना त्याच्या युरोपच्या गोष्टी थापा वाटायच्या. १९६५ मध्ये गेला.

लाल_माती

आडवाट, हे वाचून जुना गायक मिसिसिपी जॉन हर्ट आठवला. १९२८ मध्ये तबकड्या काढल्या, चालल्या नाहीत, तो परत शेतावर. पस्तीस वर्षं तिथेच काढली. १९६३ मध्ये एका तरुणाने त्याच्या जुन्या गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत त्याला गाठलं. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात. पुढची तीन वर्षं दौरे, आणि १९६६ मध्ये संपला. त्याच पिढीचा गायक सन हाउस तर रॉचेस्टरला १९६४ मध्ये सापडला तेव्हा गिटार सोडून कित्येक वर्षं झालेली. त्याचीच जुनी गाणी एका विशीतल्या गोऱ्या पोराने, ॲलन विल्सनने, त्याच्यासमोर बसून त्याला परत आठवून दिली.

या दोघांच्या बाबतीत माझा मूळ मुद्दा लागू होत नाही हे कबूल. सन हाउसचं तर गाणंही सुटलं होतं.

माजघर

सगळा धागा वाचला. बायकांबद्दल बेसीनंतर कुणीच बोललं नाही. पुरुष ३४२ रात्री बाहेर राहतो तेव्हा घर कुणीतरी चालवत असतं. बी. बी. किंगची दोन्ही लग्नं मोडली, आणि कारण हेच दौरे. आणि बाईच दौऱ्यावर असेल तर? गायिका कोको टेलर १९५२ मध्ये शिकागोला आली तेव्हा श्रीमंतांच्या घरची धुणीभांडी, पोरं सांभाळणं हेच काम. रात्री क्लबात नवऱ्याबरोबर जाऊन गायची. 'वँग डँग डूडल' गाजलं आणि मग पुढची चाळीस वर्षं ती फिरली. ७ मे २००९ ला मेंफिसच्या पुरस्कार सोहळ्यात गायली, ३ जूनला गेली, ८० वर्षांची. तिच्या बाबतीत ‘नाइलाज’ हा शब्द मला वापरवत नाही. धुणीभांडी हा नाइलाज होता. व्हॅनमध्ये चार पुरुष वादकांची मालकीण म्हणून बसणं ही तिने कमावलेली जागा होती.

बोरीबंदर

माजघर, अगदी मनातलं. टाळ्या.

लाल_माती

माजघर, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. ‘मालकीण’ वाचून बी. बी. किंगकडे परत वळावंसं वाटलं.

१९५५ मध्ये त्याने स्वतःची बस घेतली, ‘बिग रेड’. आता तो डझनभर माणसांचा मालक. १९५८ मध्ये टेक्सासमध्ये ती बस एका ट्रकला धडकली. ट्रकमधली माणसं दगावली. किंग त्या वेळी बसमध्ये नव्हता, पण जबाबदारी त्याची. आणि नेमका त्याच सुमारास विमा कंपनीचा परवाना निलंबित झालेला. नुकसानभरपाईचं ओझं एकट्याच्या डोक्यावर आलं आणि ते फेडायला वर्षं गेली. फेडायचा मार्ग एकच, अजून कार्यक्रम. बँडही मोडला नाही. तेव्हा ‘रस्ता हा पगार’ यात मी भर घालेन: त्याचा एकट्याचा नव्हे, बारा घरांचा.

पण बोरीबंदर म्हणतात तेही मला आता पटतंय. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहाला बस पोचली, तर दारात लांब केसांची गोरी पोरं. ड्रायव्हर चुकीच्या पत्त्यावर आला असं किंगला वाटलं. स्टेजवर नाव पुकारताच सगळे उभे राहिले, आणि एकही सूर वाजवायच्या आधी तो रडला. वीस वर्षं रस्ता तुडवल्यावर. कर्ज फिटलं, पैसा आला, 'द थ्रिल इज गॉन' घराघरांत पोचलं, तरीही दर उन्हाळ्यात इंडियानोलाला, जिथल्या मळ्यांत कापूस वेचला, तिथे गावकऱ्यांसाठी वाजवायला तो यायचाच. तुरुंगांत फुकट वाजवायचा. त्याला पगार म्हणता येत नाही.

हिशेबनीस

म्हणजे पन्नाशीपर्यंत माझं बरोबर, पुढे बोरीबंदरांचं. मला मान्य. फक्त एक नोंद: विली डिक्सनने १९८५ मध्ये, आपलं गाणं उचललं म्हणून, लेड झेपेलिन या रॉक बँडवर दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली. मिळकतीचा भाग त्याने जुन्या वादकांचे हक्क मिळवून देणाऱ्या संस्थेत घातला. चेसची शिकागोतली जुनी इमारत, २१२० साउथ मिशिगन, आज त्याच संस्थेकडे आहे.

शिकागोची_सून

हो, आम्ही जाऊन आलो आहोत. जिना चढून वर रेकॉर्डिंगची खोली बघता येते. बोरीबंदर, तुमच्यासाठी: बडी गायने २०२३ मध्ये निरोपाचा दौरा सुरू केला. पण इथे त्याचा स्वतःचा क्लब आहे, लेजंड्स, १९८९ पासून. दर जानेवारीत तो तिथे ओळीने कार्यक्रम करत आलाय. इकडे यायचं असेल तर जानेवारी धरा, जाड कोट आणा, आणि तिकिटं आधी काढा. लवकर संपतात.